‘काही हरकत नाही’

मी वकिली करायचो तेव्हा रात्रीच्या जेवणाला माझ्याकडे भरपूर मसाला असायचा. कोण साक्षीदार उलटतपासणीत कसा घसरला, कुठल्या अशिलाने फी बुडवली, कुणाचा मनाई हुकूम ऐनवेळी उठला. मीडिएशनला, म्हणजे कोर्टातल्या मध्यस्थीच्या कामाला, लागल्यापासून मी फार कंटाळवाणा माणूस झालोय. बायको विचारते, “आज काय?” मी म्हणतो, “एक मॅटर होतं.” “जमलं?” “हं.” संपलं. ती आता विचारतही नाही, टीव्ही लावते.

आमच्या न्यायालयात मध्यस्थीची खोली मागच्या अंगाला आहे, रेकॉर्ड रूमला लागून. आत एक गोल टेबल, सहा खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा जार. टेबल गोल एवढ्यासाठी, की वरची बाजू-खालची बाजू राहू नये. तरी माणसं आपापली पायरी बरोबर शोधतात. थोरला भाऊ दाराकडे तोंड करून बसतो. धाकटा त्याच्या शेजारी. बहीण आली असेल तर ती खुर्ची जरा मागे ओढून घेते, म्हणजे टेबलाला लागून नाही आणि खोलीबाहेरही नाही, अशी. आणि ही मागची खुर्ची जवळजवळ नेहमी भावाच्याच बाजूला असते, दावा त्याच्याविरुद्ध असला तरी.

मध्यस्थ व्हायला चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये मध्यस्थी प्रकल्प समिती नेमली, तिने ही पद्धत घालून दिली. त्याआधी 2002 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 नव्या रूपात लागू झालं होतं. तडजोडीला वाव दिसला तर न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे, लवादाकडे किंवा लोकअदालतीकडे धाडावं, असं ते कलम. लवादाकडे जायला दोन्ही पक्षांची संमती लागते, मध्यस्थीकडे न्यायालय संमतीशिवायही पाठवू शकतं, हे 2010 च्या ॲफकॉन्स प्रकरणात स्पष्ट झालं. म्हणजे खोलीत यायची सक्ती चालते, खोलीत काही मान्य करायची नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात, ज्याला न्यायाधीशांनी “जा तिकडे” म्हणून पाठवलंय त्याला वाटतं की मान्य केलं नाही तर साहेब रागावतील. माझा पहिला अर्धा तास हे समजावण्यात जातो की साहेबांना काही कळणारच नाही.

आणि खरंच कळत नाही. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या 2010 च्याच प्रकरणात एका मध्यस्थाने कोण काय बोललं, कुणी कुठला प्रस्ताव ठेवला, हे अहवालात सविस्तर लिहून पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, असं करायचं नाही. तडजोड झाली तर करारनामा पाठवा. नाही झाली तर एका ओळीत ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढंच लिहा. का झाली नाही, कुणामुळे झाली नाही, एक अक्षर नाही. बैठक संपली की मी टिपणाचे कागद हाताने फाडतो. आमच्या शिपायाला सुरुवातीला हे फार विचित्र वाटायचं. कोर्टात कागद जपायचा असतो, फाडायचा नसतो, ही त्याची वीस वर्षांची शिस्त. “जमलं का साहेब?” तो दर वेळी विचारतो. मी म्हणतो, “पुढची तारीख लिहून घे,” किंवा “फॉर्म घे.” त्यावरून तो जमलं की नाही ते ताडतो, आणि बहुतेक वेळा बरोबर ताडतो.

तर असा हा धंदा. त्यावर लिहायला बसलो की पंचाईत ही, की सांगण्यासारखं जे काही आहे ते सांगायचं नाही. दुसऱ्यांचं सांगायचं नाही. माझं स्वतःचं सांगता येतं. म्हणून आधी माझी एक चूक सांगतो.

पैशाचा वाद होता, दोन माणसांतला. धंदा कुठला, वर्ष कुठलं, ते राहू दे. एका टप्प्यावर मी दोघांशी वेगवेगळं बोललो, त्याला आम्ही कॉकस म्हणतो. तिथे माणूस समोरच्याला जे सांगणार नाही ते मध्यस्थाला सांगतो. देणाऱ्याने मला सांगितलं, “साहेब, मी अमुकपर्यंत जाईन. पण हे तुमच्यात आणि माझ्यात.” मी मान डोलावली. मग दुसऱ्याला आत घेतलं. तो थकला होता. बाहेर जो प्रस्ताव ठेवला गेला होता तो पहिल्याच्या खऱ्या मर्यादेपेक्षा बराच खाली होता, आणि हा तो घ्यायला निघाला होता. पेन हातात होतं. मला म्हणाला, “घेऊ का साहेब? मिटवून टाकू?”

मी म्हणालो, “घाई काय आहे? चहा घ्या आधी.”

एवढंच. आकडा मी उच्चारला नाही. पण त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, चहा प्याला, आणि मग म्हणाला, “मी विचार केला, एवढ्यावर नाही जमणार.” तासाभराने प्रकरण मिटलं, देणाऱ्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर. दोघांनी हात मिळवले, मला नमस्कार केला. घरी जाताना मला बरं वाटत होतं. घेणारा गरीब होता, त्याला चार पैसे जास्त मिळाले.

दोन दिवसांनी दाढी करताना लक्षात आलं की देणाऱ्याचा आकडा मी त्या चहातून सांगून टाकला होता. त्याने माझ्यापाशी ठेव म्हणून ठेवलेली गोष्ट मी दुसऱ्याला दिली, कारण दुसरा मला जास्त आवडला. आणि याची तक्रार कधीच होणार नव्हती, कारण ज्याचं गेलं त्याला ते गेलंय हेच ठाऊक नव्हतं. मी काय करायला हवं होतं, हे प्रशिक्षणातच शिकवतात. कॉकस संपताना विचारायचं, “यातलं काय समोर सांगू, काय नको?” आणि “घेऊ का?” असं कुणी विचारलं तर म्हणायचं, “निर्णय तुमचा, हवं तर वकिलांशी बोलून या.” वाक्य तेच, सूर तोच, प्रस्ताव वाईट असो की चांगला. चेहरासुद्धा तोच. हे चेहऱ्याचं सगळ्यात अवघड.

त्या दिवसापासून माझ्या खोलीत चहा साडेअकराला येतो. कुणी पेन उचललेलं असो, कुणी रडत असो, साडेअकराच. मी मागवत नाही.

लोक समजतात, मध्यस्थापुढचा नीतीचा प्रश्न म्हणजे लाच. ती भानगड क्वचित, आणि ओळखायला सोपी. एकदा एक तडजोड झाल्यावर महिनाभराने घरी हापूसची पेटी आली. प्रकरण मिटलेलं, फाइल बंद, माणूस मनापासून आणून देणारा. मी कोर्टात होतो. संध्याकाळी येईपर्यंत पेटी उघडली गेली होती आणि मुलीने दोन आंबे खाल्ले होते. मी बाजारातून दोन आणले, गवतात नीट बसवले आणि पेटी परत पाठवली. बायको म्हणाली, “प्रकरण संपल्यावर कसली लाच?” तिचं चुकत नव्हतं. पण तो माणूस गावात दहा जणांचं भांडण माझ्याकडे आणणारा होता, आणि त्या दहांच्या समोरच्या दहांना त्या पेटीबद्दल काय वाटलं असतं? उद्योगपर्वात कृष्ण हस्तिनापूरला शिष्टाईला जातो तेव्हा दुर्योधन त्याला जेवायला बोलावतो. कृष्ण नकार देतो. दूत काम फत्ते झाल्यावर जेवतात, असं उत्तर देतो, आणि विदुराकडे जेवतो. काम फत्ते झालंच नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला.

(जाता जाता: कृष्णाला आपण मध्यस्थाचा नमुना म्हणून उगाच मिरवतो. तो पांडवांचा वकील होता आणि तसं त्याने लपवलंही नाही. शिष्टाई वेगळी, मध्यस्थी वेगळी. मराठीत आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो आणि मग मामा, गुरुजी, सरपंच, सगळेच मध्यस्थ होऊन बसतात.)

लाचेपेक्षा मला माझ्या यशाची भीती जास्त वाटते. न्यायालयाकडून आलेल्या प्रकरणात मध्यस्थाला मानधन मिळतं. तडजोड झाली तर जास्त, न झाली तर कमी. रक्कम अशी नाही की तिच्यासाठी कुणी ईमान विकावं. पण आकडेवारी असते. महिन्याला किती प्रकरणं आली, किती मिटली. वर्षाच्या शेवटी कार्यक्रम असतो, जास्त मिटवणाऱ्याला गुलाबाचं फूल असतं. पक्षकाराला कोर्ट फी परत मिळते, न्यायाधीशांच्या बोर्डावरचं एक प्रकरण कमी होतं, वकिलालाही सुटल्यासारखं वाटतं. सगळ्यांना तडजोड हवी असते. खोलीत एखाद्याच माणसाला ती नको असते, आणि मग आपण सगळे मिळून त्याच्याकडे बघतो.

समोरच्याची नियत हा याच्याच उलटा भाग. मध्यस्थीला येणारे सगळे मिटवायला येतात असं नाही. कुणी वेळ काढायला येतो. कुणी समोरच्याचा शेवटचा आकडा काढून घ्यायला येतो, म्हणजे पुढे कोर्टात तेवढ्यावर अडून बसता यावं. व्यापारी दाव्यांत तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दावा दाखल करण्याआधी मध्यस्थी करावीच लागते; 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ती सक्तीची आहे हे पक्कं केलं. तेव्हापासून काही जण तिथे पोस्टात रजिस्टर करायला यावं तसे येतात: पावती द्या, निघतो. आणि मोठ्या संस्थांची एक ठरलेली रीत आहे. त्या असा माणूस पाठवतात ज्याला ‘हो’ म्हणायचा अधिकारच नाही. बिचारा फाइल घेऊन येतो, सगळं लिहून घेतो आणि प्रत्येक प्रश्नाला म्हणतो, “वर विचारून सांगतो.” समोर एखादी विधवा बाई नवऱ्याच्या विम्याचे पैसे मागत तीन एसटी बदलून आलेली. तो वर विचारतो. वरचे रजेवर असतात.

मला हे न्यायाधीशांना सांगता येत नाही. ‘अमुक पक्ष प्रामाणिकपणे आला नाही’ असं लिहिलं की मी खोलीतलं बाहेर नेलं. ज्या गुप्ततेमुळे खरा माणूस मोकळं बोलतो तिच्याच आड खोटा माणूस लपतो, आणि एकाला उघडं पाडायचं म्हणून दुसऱ्याचं छप्पर काढता येत नाही. माझ्या हातात एवढंच उरतं की बैठक बंद करायची. आता मी पहिल्याच दिवशी विचारतो, “सही करायचा अधिकार कुणाकडे आहे? त्यांना घेऊन या, मग बसू.” यावर दोन-तीन वकील माझ्यावर नाराज आहेत.

हे सगळं नवं नाही म्हणणारे भेटतात. आपल्याकडे गावातच न्याय करणारी गोतसभा होती, पंच होते. होते, खरंच. आज ‘राजीनामा’ म्हटलं की नोकरी सोडल्याचा कागद डोळ्यापुढे येतो. पण जुन्या कागदांत वादी-प्रतिवादी पंचांपुढे बसण्याआधी राजीनामा लिहून देत: तुमचा निवाडा आम्हाला मान्य, आम्ही राजी आहोत, असा नामा. हरलेल्याने जिंकलेल्याला येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून द्यायचं. महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारं. पेशवाई गेल्यावर 1819 मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे दोष, तिची संथ चाल सगळं नोंदवूनही ती मोडू नये असंच त्याचं मत होतं. पण त्या आणि या पद्धतीत एक मुळातला फरक आहे. ती चारचौघांत चालायची आणि चारचौघांच्या जोरावर टिकायची. शब्द मोडला तर गाव तोंडात शेण घालील, ही तिची हमी. आमची दार लावून चालते. गाव बाहेर ठेवायचं, म्हणजे माणसाला गावाला काय वाटेल यापेक्षा स्वतःला काय वाटतं हे बघता यावं.

गाव आत असलं की काय होतं, ते मी आमच्याच घरात पाहिलंय. हे मी मध्यस्थ म्हणून ऐकलेलं नाही, घरातला पोरगा म्हणून पाहिलेलं आहे. म्हणून सांगू शकतो.

आजोबा गेले. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर अण्णा, तात्या आणि आत्ती अशी तीन नावं चढली. विहिरीच्या कर्जासाठी अण्णांना सातबारा साफ हवा होता. म्हणजे आत्तीचं हक्कसोडपत्र. तिच्या सासरचे जरा कुरकुरले, तेव्हा गुरुजींना बोलावलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, अख्ख्या गावाची भांडणं मिटवलेले, कुणाचा कप चहा फुकट न पिणारे. वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणतो. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बसले. आत्ती दाराच्या चौकटीला टेकून उभी, पदर खांद्यावरून घेतलेला. गुरुजींनी अर्धा तास बहीण-भावाच्या प्रेमावर बोलून झाल्यावर विचारलं, “पोरी, तुला माहेर पाहिजे का रान?”

आत्ती म्हणाली, “माझी काय हरकत न्हाई.”

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिने सही केली. तिला सही येत होती, सातवी झाली होती. अण्णांनी साडीचोळी केली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी धाक घातला नाही. तिने स्वखुशीने सोडलं, असंच कागदावर आहे. माहेर आणि रान ही दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे तेवढं त्या सोप्यात कुणी बोललं नाही. आणि गुरुजी आमच्याकडून बोलावलेले होते, तिच्याकडून नाही.

हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि त्याहून जास्त 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर बहिणींचे वाटपाचे दावे वाढलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. मुलगी जन्मानेच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी, दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, असं त्या निकालाने सांगितलं. असे दावे मीडिएशनला हमखास येतात. आणि दर दुसऱ्या दाव्यात ते वाक्य येतं. “माझी काही हरकत नाही.” कधी ते खरंच असतं. नोकरी करणारी, शहरात घर असलेली, भावाची ओढाताण बघितलेली बाई मोकळ्या मनाने सोडून देते, आणि तिला ‘तुझ्यावर दडपण आहे’ असं मी ठसवू लागलो तर तो तिचा अपमान. कधी ते दाराच्या चौकटीला टेकून उभं असलेलं वाक्य असतं. दोन्ही वेळा शब्द तेच.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात तडजोड करारनाम्याला आव्हान द्यायची कारणं मोजकी आहेत. फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, किंवा मुळात मध्यस्थीला न चालणारा विषय. मुदत नव्वद दिवस. दडपण हा शब्द त्या यादीत नाही. म्हणजे सही झाल्यावर ‘माझ्यावर घरच्यांचा दबाव होता’ म्हणून येणाऱ्या बाईला या यादीत जागा शोधावी लागेल. जे काही बघायचं ते सहीआधी, त्या खोलीत, आणि बघणारा मीच.

आणि मी काही कोरा बघणारा नाही. त्याच कायद्यात असं आहे की माझ्या निःपक्षपणाबद्दल शंका यावी असं काहीही असेल तर मी ते आधी पक्षांना सांगावं: नातं, व्यवहार, जुनी वकिली. मी ते सांगतो. पण आत्तीचं काय सांगू? ‘बाई हरकत नाही म्हणाल्या की मला आमच्या घरचा तो सोपा दिसतो,’ हे कुठल्या रकान्यात लिहायचं? भावाच्या बाजूने बघायचं तर, त्याच्यासमोर बसलेला मध्यस्थ अर्धा आपल्या आत्तीचा हिशेब करतोय. त्यालाही निःपक्ष माणूस मिळायचा हक्क आहे. एकदा एका भावाने मला तोंडावर म्हटलं, “साहेब, तुम्ही तिला शिकवताय.” मी शिकवत नव्हतो. पण त्याने बरोबर काहीतरी पाहिलं होतं.

मध्यस्थाने कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. हिस्सा किती बसतो ते मी सांगू शकत नाही. पण न कळता केलेली सही घ्यायचीही नाही. या दोन्हींच्या मधे फार अरुंद वाट आहे, आणि त्या वाटेवर मला एकच हत्यार सापडलंय. ज्याला सगळं जग शिव्या घालतं ते: तारीख. दिवाणी कोर्टात तारखेने पिढ्या खाल्ल्या. माझ्या खोलीत मी ती दोघांनाही सारखीच वाटतो. कुणीही, भाऊ असो की बहीण, पहिल्याच दिवशी सगळं सोडायला तयार झालं की मी सही घेत नाही. “आपापल्या वकिलांना एकट्याने भेटा. कागद घरी न्या. पंधरा दिवसांनी या, तेच म्हणालात तर तेच लिहू.” गुलाबाचं फूल त्यामुळे मला मिळत नाही. पंधरा दिवसांत काही तडजोडी फिसकटतात.

असंच एकीला मी पंधरा दिवस दिले होते. गाव, घराणं, जमिनीचा तुकडा, भावांची संख्या, सगळं बदललंय. हे वाचून तिचं तिलाही ओळखू येणार नाही. पहिल्या दिवशी ती खुर्ची मागे ओढून बसली होती आणि मी प्रश्न पुरा करायच्या आत म्हणाली होती, “काही हरकत नाही माझी.” भावाने लगेच खिशातून पेन काढलं. मी तारीख दिली. भाऊ चिडला. तीही चिडली, कारण तिला हे एकदाचं संपवून चारची एसटी गाठायची होती.

पंधरा दिवसांनी ती आली. एकटीच, भावांच्या आधी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद, भिंगाचा चष्मा. खोलीत कुणी नव्हतं. सहाही खुर्च्या रिकाम्या. तिने एक फिरवून टेबलाला लावली, दाराकडे तोंड असलेली, आणि बसली. साडेअकराला अजून वीस मिनिटं होती. मग भाऊ आले आणि कुठे बसायचं ते क्षणभर बघत उभे राहिले.

पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही. खुर्चीचंही खरं तर सांगायला नको होतं.